बुधवारची संध्याकाळ



गेल्या अंकातल्या कैरीच्या लोणच्यावर चार फोन आले. त्यातले तीन मीठ जास्त झाल्याचे. (कोशर मीठ आणि बारीक मीठ वाटीने सारखं मोजू नका, असं मी लिहिलं होतं. वाचायचं नाही आणि मग फोन करायचा!) चौथा फोन मात्र लोणच्याचा नव्हता.

फोन करणारी आपल्यातलीच. नाव लिहिणार नाही असं तिला कबूल केलंय. तिची मुलगी दहावीत. गेले सहा महिने ती बुधवारी संध्याकाळी मैत्रिणीबरोबर त्यांच्या चर्चच्या यूथ ग्रुपला जाते. तिथे पिझ्झा असतो, गिटार असते, व्हॉलीबॉल असतो, मग अर्धा तास बायबल. मैत्रिणीची आई नेते, आणून सोडते. साडेआठला पोर घरी. दारू नाही, सिगरेट नाही, नको ती मुलं नाहीत. आपल्या लोकांना याहून काय हवं? हिचे यजमान तर खूषच होते.

मागच्या बुधवारी जेवताना कॉलेजचा विषय निघाला. मुलीला डॉक्टर व्हायचंय. बाबा म्हणाले, मग रेसिडेन्सी कुठे करायची, लांब जाशील का? त्यावर ती शांतपणे म्हणाली, "ते काय, लग्न झालं की कुठे राहायचं ते नवराच ठरवणार ना? तो घराचा हेड असतो." रागाने नाही की रडून नाही. उद्या गणिताचा पेपर आहे, असं सांगावं तशी.

यजमान हसले. म्हणाले, "बघ, मला सोळा वर्षांत तुला पटवता आलं नाही ते चर्चने सहा महिन्यांत पटवलं!" मैत्रिणीला हसू आलं नाही. मला म्हणाली, "अगं, मी आईशी भांडून इथे एकटी एमएस करायला आले. ती ज्यातून सुटावं म्हणून आले, ते माझ्या मुलीला पिझ्झ्याबरोबर मिळतंय का? तू त्या बायकांत ऊठबस करतेस, तूच सांग. तिला पाठवू की नको?"

त्यांत ऊठबस करते हे खरं. आमची शेजारीण सदर्न बॅप्टिस्ट आहे. सत्तरी ओलांडलेली, केस पांढरेशुभ्र, गावात सगळे नावाआधी 'मिस' लावून तिला हाक मारतात. माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा तिच्या चर्चच्या बायकांनी दोन आठवडे आमच्याकडे जेवण पोचवलं. आम्ही शाकाहारी म्हटल्यावर त्यांची जरा धांदल उडाली. चीज घातलेली कॅसरोल इतकी आली की ह्यांचं कोलेस्टेरॉल वाढलं! पण एकही दिवस चुकला नाही. तेव्हा पुढे जे लिहिते आहे ते त्या बायकांचं मीठ खाऊन लिहिते आहे, हे आधीच सांगून ठेवते.

पहिली गोष्ट म्हणजे सगळी चर्चेस एक नव्हेत. इथे मेथडिस्ट पंथात १९५६ पासून आणि एपिस्कोपल पंथात १९७६ पासून बायकांना पुरोहितपणाचा पूर्ण अधिकार आहे. आपल्या मंडळातल्या नगरकडच्या ख्रिस्ती वहिनींनी मला सांगितलं, की भारतात चर्च ऑफ नॉर्थ इंडियातही बायका पाळक होतात. पाळक म्हणजे इथले लोक ज्याला पास्टर म्हणतात तो. तेव्हा "ख्रिश्चनांत असंच असतं" म्हणणं म्हणजे "इंडियन लोकांत असंच असतं" म्हणण्यासारखं. ते आपल्याला आवडत नाही, तसं त्यांनाही आवडणार नाही.

मैत्रिणीची मुलगी जाते ते चर्च सदर्न बॅप्टिस्ट. हा पंथ आपल्याच जॉर्जियात, ऑगस्टा गावी १८४५ मध्ये वेगळा झाला. भांडण होतं गुलामांवरून: गुलाम बाळगणाऱ्या माणसाला मिशनरी म्हणून पाठवायचं की नाही? दक्षिणेकडचे म्हणाले, पाठवायचं. त्याबद्दल त्यांनी १९९५ मध्ये ठराव करून माफी मागितली. आज या देशातला हा सगळ्यात मोठा प्रॉटेस्टंट पंथ आहे. २००६ मध्ये सभासद १ कोटी ६३ लाख होते, २०२४ पर्यंत ते सव्वा कोटीच्या आसपास आले. त्यांच्यात पोप नाही की बिशप नाही. प्रत्येक चर्च स्वतंत्र. दर वर्षी जूनमध्ये एक मोठी सभा भरते, तिथे चर्चेसनी पाठवलेले प्रतिनिधी मतदान करतात. आपल्या मंडळाची वार्षिक सभा डोळ्यांपुढे आणा. फक्त आरडाओरडा करणारे दहा हजार.

तर १९९८ च्या जूनमध्ये सॉल्ट लेक सिटीच्या सभेत त्यांनी आपल्या श्रद्धेच्या जाहीरनाम्यात कुटुंबावर एक नवीन कलम घातलं. त्याचा आशय असा. नवरा आणि बायको दोघांचं मोल देवाच्या लेखी सारखं. नवऱ्याने बायकोवर ख्रिस्ताने मंडळीवर केलं तसं प्रेम करावं, तिचं पालनपोषण करावं, रक्षण करावं आणि कुटुंबाचं नेतृत्व करावं. बायकोने त्याच्या सेवाभावी नेतृत्वापुढे आनंदाने नमतं घ्यावं. मसुदा करणाऱ्या समितीत दोन बायकाही होत्या. "दोघांनी एकमेकांपुढे नमतं घ्यावं असं म्हणा" अशी दुरुस्ती सभेत कुणीतरी सुचवली. ती पडली. दोन वर्षांनी, २००० मध्ये, दुसरं वाक्य आलं: सेवेचे गुण स्त्री-पुरुष दोघांनाही मिळतात, पण पाळकाचं पद पुरुषालाच.

त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये आपल्या जॉर्जियाच्या जिमी कार्टर यांनी या पंथाशी नातं तोडल्याचं जाहीर केलं. जन्मभर ज्या पंथात काढला, तो वयाच्या शहात्तराव्या वर्षी सोडला, आणि कारणांत बायकांची ही दुय्यम जागा होती. प्लेन्स गावच्या आपल्या चर्चमध्ये मात्र ते पुढेही वर्षानुवर्षं रविवारचा वर्ग घेत राहिले. डिसेंबर २०२४ मध्ये शंभरी पूर्ण करून गेले. (त्यांच्या आईंची ओळख आपल्या मुंबईकरांना असायला हवी. लिलियन कार्टर ६८ व्या वर्षी पीस कोअरमधून भारतात आल्या आणि १९६६ ते ६८ विक्रोळीला गोदरेज वसाहतीच्या दवाखान्यात नर्स म्हणून राबल्या. अशा आईच्या मुलाला बायकांनी मागे उभं राहावं हे पटणं जरा कठीणच.)

आता हे सगळं माझ्या शेजारणीला मी एकदा स्पष्टच विचारलं. ती अंगणात बसून बिया वेचत होती. म्हणाली, "हनी, बायबल सांगतं की त्याने माझ्यासाठी मरायची तयारी ठेवायची. मला फक्त त्याला हॉटेल निवडू द्यायचं आहे. सौदा कुणाच्या फायद्याचा ते तूच बघ." आणि खदखदून हसली. खरं सांगू का, त्या घरात चेकबुक तिच्याकडे, गाडी कधी विकायची ते ती ठरवते, मुलांची लग्नंही तिनेच पार पाडली. नवरा जेवणाआधी प्रार्थना म्हणतो आणि 'हेड' म्हणवून घेतो. सॅली गॅलगर नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी देशभरातल्या अशा कुटुंबांचा अभ्यास करून २००३ मध्ये पुस्तक लिहिलं, त्यात हेच सापडतं: नेतृत्व नवऱ्याचं असं म्हणणारी बहुतेक जोडपी रोजचे निर्णय दोघं मिळूनच घेतात. आपल्याकडे पंगतीत "आमच्याकडे ह्यांना विचारल्याशिवाय काही होत नाही" म्हणणारी काकू आठवा. ह्यांना विचारलं जातं, पण काय सांगायचं ते आधीच ठरलेलं असतं.

म्हणून मी गप्प बसले असते. पण माझं मन तिथे थांबत नाही. शेजारणीचा नवरा भला माणूस आहे, म्हणून ते कलम त्या घरात गोड लागतं. नवरा भला नसेल तर?

२०१८ मध्ये या पंथाच्या एका मोठ्या सेमिनरीच्या अध्यक्षांना पद सोडावं लागलं. त्यांच्या जुन्या भाषणाची टेप बाहेर आली होती. नवरा हात उगारतो म्हणून सल्ला मागायला आलेल्या बाईला आपण घरी परत पाठवलं, रात्री नवऱ्याच्या शेजारी गुडघे टेकून प्रार्थना कर म्हणून सांगितलं, ती दोन्ही डोळे सुजवून चर्चमध्ये आली, आणि तिच्या मागोमाग नवराही चर्चमध्ये आला म्हणून आपल्याला आनंद झाला, असं ते त्या टेपमध्ये सांगत होते. त्यांच्याविरुद्ध ज्या पत्रावर सह्या झाल्या, त्यावरच्या हजारो सह्या सदर्न बॅप्टिस्ट बायकांच्याच होत्या. पुढल्या वर्षी ह्यूस्टन आणि सॅन अँटोनिओच्या वर्तमानपत्रांनी वीस वर्षांतली प्रकरणं गोळा केली. लैंगिक अत्याचाराचे आरोप असलेले पाळक, शिक्षक, स्वयंसेवक मिळून ३८० च्या आसपास, बळी पडलेले ७०० वर. त्यात यूथ ग्रुपचे पास्टरही होते. २०२२ मध्ये पंथानेच नेमलेल्या चौकशीत निघालं, की वरच्या कार्यालयात अशा माणसांची यादी वर्षानुवर्षं ठेवलेली होती आणि तक्रार घेऊन येणाऱ्या बायकांना मात्र उडवून लावलं जात होतं.

हे वाचून मी शेजारणीकडे गेले नाही. तीच आली. कुंपणापाशी उभी राहून म्हणाली, "ज्या खोलीत निर्णय होतात तिथे आमच्यातली एकही आई बसलेली नव्हती." बाकी काही बोलली नाही. तिने मला त्या दिवशी भोपळ्याची पाय दिली आणि गेली.

आता त्या ग्रंथाबद्दल. आपण बाहेरचे, आपण त्यावर काय बोलणार? पण भांडण त्यांच्या आतलंच आहे आणि जुनं आहे. ज्या इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायावर सगळी इमारत उभी आहे, त्यात बायकोने नवऱ्याच्या अधीन असावं हे बाविसावं वचन. त्याच्या आधीचं एकविसावं वचन मात्र सगळ्यांनीच एकमेकांच्या अधीन असावं असं सांगतं. जुन्यात जुन्या ग्रीक हस्तलिखितांत बाविसाव्या वचनात क्रियापदच नाही, ते एकविसाव्यातून उसनं घ्यावं लागतं. मग दोन्ही वचनांत रेघ ओढायची कुणी? तीमथ्याच्या पहिल्या पत्रात बाईने पुरुषाला शिकवू नये असं आहे. आणि प्रेषितांच्या पुस्तकात प्रिस्किल्ला आपल्या नवऱ्याबरोबर बसून अपुल्लोसारख्या पंडिताला शिकवते. आपल्या शास्त्री-पंडितांचे वाद ज्यांनी ऐकलेत त्यांना यात काही नवल वाटणार नाही. ज्याला जे हवं ते वचन तो आधी काढतो.

हा वाद आपल्या एका मराठी बाईने इथल्या लोकांशी घातलेला आहे, आणि तोही सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या शिकत आणि संस्कृत शिकवीत. तिथे प्रश्न निघाला, की ह्यांनी तरुण पुरुषांना शिकवावं का? हिंदुस्थानातल्या बिशपांचं मत पडलं की नको, त्यामुळे हिंदुस्थानात त्यांच्या कामाला बाध येईल. रमाबाईंनी पत्रातून जे उत्तर दिलं त्याचा मतलब असा: माझ्या वडिलांनी किंवा नवऱ्याने माझ्या आईला किंवा मला पुरुषांना शिकवायला कधी हरकत घेतली नाही, आणि तुम्ही इंग्रज घेता, याचं मला आश्चर्य वाटतं. विचार करा, चितपावन शास्त्र्याची मुलगी, आईबरोबर गावोगाव पुराणं सांगत वाढलेली. ज्या धर्मात बायकांना जागा नाही म्हणून ती बाहेर पडली, त्याहून नव्या घरात तिला दारातच विचारलं, की तू कुणाला शिकवणार?

पुढे १८८६ मध्ये त्या अमेरिकेत आल्या, फिलाडेल्फियाला आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला. दोन वर्षं इथे हिंडल्या, आणि परतल्यावर इथल्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिलं, १८८९ मध्ये. त्यात अमेरिकन बायकांच्या संस्थांचं भरभरून वर्णन आहे. दारूबंदी चळवळीच्या फ्रान्सिस विलार्ड त्यांच्या स्नेही. या विलार्डबाई १८८८ मध्ये मेथडिस्टांच्या मोठ्या सभेवर रीतसर निवडून गेल्या, आणखी चार बायकांसह. सभेने पाचही जणींना बसू दिलं नाही. आज ज्या मेथडिस्ट चर्चमध्ये बाई पाळक दिसते म्हणून आपल्याला ते 'मॉडर्न' वाटतं, त्यांची ही गोष्ट.

शेवटी रमाबाईंनी काय करावं? केडगावला मुक्तिसदनात बसून हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अख्ख्या बायबलाचं स्वतः मराठी भाषांतर केलं. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या मुक्तीतल्याच मुली. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, ग्रंथ १९२४ मध्ये निघाला. मधला पुरुषच काढून टाकला!

सदर्न बॅप्टिस्टांची हकिगतही मजेशीर आहे, रागावू नका. १८८५ मध्ये त्यांच्या सभेला आर्कान्साहून दोन बायका प्रतिनिधी म्हणून आल्या. ताबडतोब घटना बदलून 'बंधू' हा शब्द घातला, आणि १९१८ पर्यंत बायकांना प्रतिनिधी म्हणून प्रवेश नव्हता. पण १८८८ मध्ये बायकांनी आपली मिशनरी संघटना काढली ती मात्र चालली, कारण ती पैसे आणायची. चीनमध्ये लॉटी मून नावाची त्यांची मिशनरी होती, उंची जेमतेम सव्वाचार फूट. तिने लिहिलं, इथे माणसं कमी पडतात, नाताळात वर्गणी काढा. पहिल्याच वर्षी ३,३१५ डॉलर जमले, तीन बायका चीनला पाठवता आल्या. शांतुंगच्या खेड्यांत ती बायकांना शिकवायची आणि पुरुषही येऊन ऐकत बसायचे. ती १९१२ मध्ये नाताळच्या आदल्या दिवशी जपानच्या कोबे बंदरात बोटीवरच वारली. १९१८ पासून त्या वर्गणीला तिचं नाव आहे. आजवर त्या नावावर अब्जावधी डॉलर जमले आहेत, आणि तेवढ्यावर जगभर मिशनरी पोसले जातात. आमच्या शेजारणीच्या फ्रिजवर दर डिसेंबरला तिच्या फोटोचं पाकीट लावलेलं असतं.

म्हणजे पैसे बाईच्या नावाने, आणि व्यासपीठ? पहिली सदर्न बॅप्टिस्ट बाई पाळक म्हणून दीक्षित झाली ती १९६४ मध्ये, नॉर्थ कॅरोलायनात डरहॅमला, अ‍ॅडी डेव्हिस. तिला दक्षिणेत एकाही चर्चने बोलावलं नाही, ती व्हरमाँटला गेली. अलीकडचं ऐका. कॅलिफोर्नियातल्या सॅडलबॅक या अवाढव्य चर्चने २०२१ मध्ये तीन बायकांना पाळक केलं. केंटकीत लुइव्हिलच्या फर्न क्रीक या लहानशा चर्चमध्ये लिंडा बार्न्स पॉपम १९९३ पासून पाळक होत्या. २०२३ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या सभेने दोघांनाही बाहेर काढलं. सॅडलबॅकविरुद्ध मतं पडली ९,४३७, बाजूने १,२१२. तीस वर्षं ती बाई बारशी, लग्नं, मयती करत होती तेव्हा कुणाला अडचण नव्हती!

त्यापुढे मात्र एक गोष्ट घडली ती वर्तमानपत्रांत कोपऱ्यात आली. बाई कुठल्याही प्रकारची पाळक असेल तर ते चर्च बाहेर, असं घटनेतच लिहायचा प्रस्ताव होता. त्याला लागोपाठ दोन वर्षं दोन-तृतीयांश मतं लागतात. २०२३ मध्ये मिळाली. २०२४ मध्ये इंडियानापोलिसला ६१ टक्क्यांवर अडकलं. २०२५ मध्ये डॅलसला पुन्हा नव्याने आणला, पुन्हा ६० च्या वर जाऊन अडकला. बहुमत अजून त्याच बाजूला आहे, यात शंका नाही. पण दर दहांतले चार जण हात वर करत नाहीत, आणि ते चार जण कोण ते मला ठाऊक नाही असं नाही. एक आमच्या कुंपणापलीकडे राहतो.

कारण शेजारीण गेली तीस वर्षं रविवारी सकाळी बायबलचा वर्ग घेते. वर्ग बायकांचा. मोठ्या पुरुषांना शिकवायला तिच्या चर्चमध्ये बाईला परवानगी नाही. पण वर्ग सुटायच्या अर्धा तास आधीच काही नवरे बायकांना 'न्यायला' येतात. मागच्या भिंतीला लागून खुर्च्या आहेत, तिथे कॉफीचे कप घेऊन बसतात. ती बायकांकडे तोंड करून शिकवते, त्यांच्याकडे बघत नाही. ते वह्या आणत नाहीत. "पण हनी," ती मला म्हणाली, "मागच्या वर्षी मी रोमकरांस पत्र घेतलं, तर त्यातल्या एकाने मला घरी फोन करून विचारलं, की सातवा अध्याय परत एकदा सांगशील का." मी एकदा गेले होते ऐकायला. ती बोलायला लागली की आमच्या हुजूरपागेच्या संस्कृतच्या बाई आठवतात.

तर मैत्रिणीला मी काय सांगितलं ते लिहिते.

पाठवायचं बंद करू नकोस. बंद केलंस की ती गोष्ट हवीहवीशी होईल, आणि मैत्रिणीही जातील. आपली मुलं शाळेत रंगाने, नावाने, डब्याने वेगळी पडतात. त्या तळघरात तिला कुणीतरी नावाने हाक मारून बसायला जागा करतं, हे कमी नाही. मंडळाच्या कार्यक्रमात आपल्या टीनएजर मुलांसाठी आपण काय ठेवतो? मागच्या गणपतीला त्यांना खुर्च्या उचलायला लावल्या. (आणि आपण बोलतो कुणाला? कार्यकारिणीत अध्यक्ष, सचिव, खजिनदार सगळे पुरुष, आणि भोजन समितीत सगळ्या बायका, हे कुठल्या जाहीरनाम्यात लिहिलंय?)

पण एका बुधवारी तू स्वतः जा. मागे बस, कॉफी घे. वर्ग कोण घेतं ते बघ. मोठ्या माणसांपैकी कुणी एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत बसत नाही ना, स्वयंसेवकांची पोलीस तपासणी होते ना, हे सरळ विचार. आजकाल चांगली चर्चेस याचं लेखी उत्तर देतात, आणि जे रागावतील तिथे पाठवू नकोस. आणि तिला अंगठी किंवा प्रतिज्ञेचं कार्ड दिलं का तेही विचार. लग्नापर्यंत शुद्ध राहण्याच्या प्रतिज्ञेची ही चळवळ याच पंथाने १९९३ मध्ये नॅशव्हिलहून सुरू केली. १९९४ च्या जुलैमध्ये मुलांनी सही केलेली दोन लाखांवर कार्डं वॉशिंग्टनच्या हिरवळीवर रोवली होती. आपल्यातल्या कित्येक वडिलांना ही कल्पना फार आवडते, मला माहीत आहे! सही मुलगे आणि मुली दोघंही करतात, पण मुलग्याचं मन चळू नये म्हणून कपडे जपायचे ते मुलींनी. त्याच वळणाचं एक पुस्तक १९९७ मध्ये आलं, डेटिंगला रामराम ठोकणारं, मुला-मुलींनी डोक्यावर घेतलं. ते लिहिणाऱ्या जोशुआ हॅरिस यांनी २०१८ मध्ये ते छापणं बंद करायला लावलं आणि वाचकांची माफी मागितली. ज्यांची तरुणपणाची वर्षं त्या पुस्तकाने अपराधी वाटण्यात गेली, त्यांना ती कोण परत देणार?

आणि मुलीशी भांडू नकोस. "हे खोटं आहे" म्हणालीस की ती गप्प होईल. तिला रमाबाईंची गोष्ट सांग. म्हणावं, बाई, तुमचाच ग्रंथ, आपल्याच भाषेत, एका बाईने मूळ भाषा शिकून लिहिला. तू डॉक्टर हो, नाहीतर ग्रीक शीक.

मैत्रीण परवाच्या बुधवारी गेली. रात्री नऊला तिचा फोन आला. सगळं ठीक वाटलं म्हणाली, मुलींचा गट एक तरुण बाई घेते, नर्स आहे, तिनेच सगळी माहिती न विचारता दिली. परत येताना गाडीत मुलीने विचारलं, "आई, आपल्या घरी खरं म्हणजे कोण ठरवतं?"

"मग तू काय सांगितलंस?" मी विचारलं.

"अगं, माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, की थांब, बाबांना विचारून सांगते."

दोघी गाडी ड्राइव्ह-वेमध्ये लावून दहा मिनिटं हसत बसल्या होत्या. मुलगी पुढच्या बुधवारीही जाणार आहे.